मॉन्स्टर हंटर राइज : ग्रेट स्वोर्डने मॅग्नामालो पडत नाही, 50 मिनिटं संपून जातात

रानवाट
स्विच लाइटवर राइज (राक्षसी प्राण्यांच्या शिकारीचा गेम) चालू आहे. फक्त मूळ गेम, सनब्रेक ही त्याची पुढची जोड घेतलेली नाही. गावातल्या क्वेस्ट करत मॅग्नामालो या मोठ्या प्राण्यापर्यंत आल्यावर गाडी अडली आहे. हत्यार ग्रेट स्वोर्ड (मोठी, जड तलवार), अटॅक 130, धार हिरवी. अंगावरच्या सगळ्या आर्मरचा मिळून डिफेन्स 100 च्या आसपास. स्किलमध्ये अटॅक बूस्ट 3, बाकी सगळं सुटं सुटं. चार प्रयत्नांत दोनदा तीन कार्ट झाले (तीनदा बेशुद्ध पडून क्वेस्ट गेली) आणि दोनदा वेळ संपला.

अडचण अशी की ट्रू चार्ज्ड स्लॅशपर्यंत, म्हणजे चार्जच्या साखळीतल्या शेवटच्या जड वारापर्यंत, पोचेतो तो जागेवर नसतो. बऱ्याचदा तलवार त्याच्या अंगावर आपटून परत येते आणि तेवढ्यात फटका बसतो. जांभळी आग अंगाला लागली की पुढच्याच माराला स्फोट होतो आणि निम्मं रक्त जातं.

विचारायचं ते असं : त्याला पाणी लागतं म्हणतात, तर पाण्याची तलवार करावी का? आर्मर नवं घ्यावं की आहे तेच वाढवावं? आणि लाइटच्या एवढ्याशा स्क्रीनवर कॅमेरा कसा लावता?

निळीधार
पाण्याच्या तलवारीचं आधी सांगतो, कारण त्यात सामान आणि झेनी (गेममधले पैसे) दोन्ही खर्ची पडतील. मॅग्नामालोला पाणी लागतं आणि त्याखालोखाल वीज लागते, हे बरोबरच आहे. पण तत्त्वाचं (पाणी, वीज, आग वगैरेंचं) नुकसान वार किती मोठा आहे यापेक्षा वार किती वेळा लागतो यावर चालतं. समजा तलवारीवर पाणी 25 आहे आणि त्या अवयवाला पाणी 20 टक्के लागतं. मग एका वारामागे 5 मिळाले. चार्जमुळे त्यात थोडी भर पडली तरी ज्या वाराचं मूळ नुकसानच तीन आकडी आहे तिथे ते कुठेच दिसत नाही. ड्युअल ब्लेड्स मिनिटाला कितीतरी वार मारतात, म्हणून तिथे पाणी घ्यायलाच हवं. ग्रेट स्वोर्डसाठी आधी अटॅक आणि धार बघा, तत्त्व सगळ्यात शेवटी.

आता धार. राइजमध्ये अटॅकचा खराखुरा आकडा दिसतो, त्यामुळे हिशेब सरळ करता येतो. धारेचे गुणक असे : लाल 0.5, नारिंगी 0.75, पिवळी 1, हिरवी 1.05, निळी 1.2, पांढरी 1.32. अटॅक बूस्ट 3 ने 9 वाढतात. म्हणजे तुमचा आत्ताचा हिशेब 139 गुणिले 1.05, साधारण 146. आता 130 चीच पण निळ्या धारेची तलवार घ्या आणि अटॅक बूस्ट पूर्ण काढून टाका. 130 गुणिले 1.2 म्हणजे 156. तीन पातळ्यांच्या स्किलपेक्षा निळ्या धारेने जास्त मिळालं, आणि त्या स्किलची जागा मोकळी झाली ती वेगळीच. लोहाराकडे तलवारींचा वृक्ष उघडा आणि अटॅकच्या आकड्याआधी धारेची पट्टी बघा. निळा भाग दिसत असेल तर तो किती लांब आहे तेही बघा. निळी पट्टी बोटभरच असेल तर दहा-बारा वारांत ती संपते आणि परत हिरवीवर येता.

तलवार आपटून परत येते त्याचं कारणही इथेच आहे. अवयव किती मऊ आहे आणि धारेचा गुणक किती आहे, यांचा गुणाकार ठरावीक मर्यादेखाली गेला की हत्यार उसळतं. हिरव्या धारेने कडक जागी मारलंत की हेच होणार. ऑप्शनमध्ये नुकसानीचे आकडे दाखवायची सोय चालू ठेवा. आकडा नारिंगी आला म्हणजे जागा मऊ आहे, म्हणजे तिथे वाराचे 45 टक्के किंवा त्याच्या वर लागतात. पांढरट आला म्हणजे जागा कडक. 60 च्या जागी बसलेला वार 30 च्या जागेवरच्या दोन वारांइतका असतो. तुमची पन्नास मिनिटं इथेच गेली आहेत असं मला वाटतं. पूर्ण प्रयत्नभर बहुतेक आकडे पांढरे येत असतील तर तलवार कुठलीही असली तरी वेळ पुरणार नाही.

स्किलमध्ये फोकस 3 सगळ्यात आधी. चार्जचा वेळ पातळी 1 ला 5 टक्के, 2 ला 10 आणि 3 ला एकदम 20 टक्क्यांनी कमी होतो, म्हणून दोनवर थांबू नका. त्यानंतर क्विक शीथ, म्हणजे तलवार लवकर म्यान होते. क्रिटिकल ड्रॉ 3 मिळालं तर तलवार उपसून मारलेल्या पहिल्या वाराला 40 टक्के अॅफिनिटी, म्हणजे वार जादा जोराने लागायची शक्यता, मिळते. तुमच्या खेळाला ते अटॅक बूस्टपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आर्मर नवं शिवत बसू नका. साठलेले आर्मर स्फिअर (आर्मर वाढवायचे गोळे) वापरून आहे तेच वाढवा. मार किती बसणार याचं सूत्र म्हणजे 80 भागिले (डिफेन्स अधिक 80). डिफेन्स 100 ला मूळ माराचे 44 टक्के अंगावर येतात, 140 ला 36 टक्के. म्हणजे आत्ता 50 रक्त नेणारा फटका 41 च नेईल. पूर्ण 150 रक्तावर तिसऱ्या फटक्याला मरायचं की तो झेलून बाजूला व्हायचं, एवढा तो फरक आहे. स्फिअर पाच तुकड्यांवर सारखे घाला. एकाच तुकड्यावर ओतले तर वरच्या पातळ्यांना प्रत्येक अंकाची किंमत वाढत जाते.

काजवा
वरचा हिशेब बरोबर आहे. मी प्रत्यक्ष लढाईचं लिहितो, कारण मॅग्नामालोसमोर ग्रेट स्वोर्ड चुकते ती वेळ साधण्यात.

पहिली गोष्ट, ट्रू चार्ज्ड स्लॅशच्या मागे लागू नका. एक्स दाबून ठेवून तीन चार्ज ओळीने पूर्ण करायला जो वेळ लागतो तेवढा हा प्राणी उभा राहतच नाही. सुरुवातीला एवढंच करा : तलवार म्यानात, तो एक हल्ला पूर्ण करतो तोवर बाजूला, मग डोक्याजवळ जाऊन एक्स दाबून धरा. अंगावर तीन चमका येतात, तिसऱ्या चमकेला सोडा. तिसरीच्या पुढे धरून ठेवलंत तर जोर उलट कमी होतो. वार बसला की लोळण घ्या, वाय दाबून तलवार म्यान करा. एका उघड्या क्षणाला एक वार, यापुढे जायचं नाही. संथ वाटेल, पण 50 मिनिटांत असे वार भरपूर मावतात आणि ते सगळे डोक्यावर बसतात.

हे हातात बसलं की टॅकल शिका, कारण खरी गंमत तिथे आहे. चार्ज चालू असताना ए दाबलं की खांदा पुढे घालून धडक मारता येते. त्या क्षणी फटक्याने तुम्ही उडत नाही, मारही कमी बसतो, आणि साखळी पुढच्या चार्जवर जाते. एक्स धरा, ए, परत एक्स धरा, ए, परत एक्स. वार न सोडता थेट ट्रू चार्ज्ड स्लॅशवर पोचता. सगळ्यात सोपी संधी त्याच्या आरोळीची. तो मान मागे घेतो, त्या वेळी डोक्यासमोर चार्ज सुरू झालेला असला पाहिजे. आरोळी सुटताना ए दाबलं की कान झाकून उभं राहावं लागत नाही, तुम्ही आरोळीतून आरपार जाता. तो अजून ओरडत असतो, तोंड समोर असतं, आणि तुमचा पुढचा चार्ज सुरूही झालेला असतो. इथला वार क्वचितच चुकतो.

ट्रू चार्ज्ड स्लॅशचे दोन भाग आहेत. पहिला हलका, दुसरा जड. पहिला मऊ जागी लागला तर दुसऱ्याचा जोर वाढतो. म्हणून नेम पहिल्या भागाचा धरा, दुसरा आपोआप तिथेच येतो.

आता त्याचे हल्ले. पंजांच्या पात्यांचे फटके एकापाठोपाठ येतात. पहिला चुकवल्यावर लगेच आत शिरलात तर दुसरा लागतो, तेव्हा शेवटचा पडेपर्यंत थांबा. शेपटी भाल्यासारखी पुढे खुपसतो, तेव्हा समोर किंवा सरळ मागे पळू नका, कारण लांबीत भालाच जिंकतो. तिरपं आत, त्याच्या खांद्याकडे लोळा. चवताळल्यावर तो आगीच्या जोरावर हवेत उसळतो आणि तुमच्यावर कोसळतो. त्या वेळी तलवार बाहेर असेल तर काही करता येत नाही. म्यानात असेल तर त्याच्याकडे पाठ करून आर धरून पळा आणि तो खाली येताना बी दाबा. हंटर तोंडावर पडल्यासारखी लांब उडी मारतो आणि त्या उडीत काहीच लागत नाही. उठलात की तो समोर जमिनीवर असतो, तेव्हा एक उपसून चार्ज मारायला वेळ मिळतो.

जांभळ्या आगीबद्दल. त्याच्या पंजांवर, पाठीवर, शेपटीवर ती पेटली की लोक लांब पळतात. मार वाढतो हे खरं, पण पेटलेला अवयव त्या वेळी मऊही होतो, आणि तिथे पुरेसं नुकसान केलं की तो कोलमडून पडतो. ग्रेट स्वोर्डला याच्याइतकी मोठी संधी पूर्ण लढाईत मिळत नाही. म्हणून तो पेटला की पोशनसाठी लांब जाऊ नका, ते आधीच पिऊन घ्या.

तुमच्या अंगाला ती आग लागली तर पुढच्या जोरदार माराला स्फोट होतो. औषध शोधत बसायचं नाही. तलवार म्यानात असताना वायरबगने (धागा सोडून हंटरला ओढून नेणारा किडा) झेप घ्या, झेडएल आणि एक्स. आग अंगावरून सुटून जमिनीवर पडते आणि थोड्या वेळाने तिथे फुटते. झेप त्याच्या जवळून घेतलीत तर तो स्फोट त्यालाच लागतो. यासाठी एक वायरबग कायम शिल्लक ठेवा. पॉवर शीथ आणि हंटिंग एज या ग्रेट स्वोर्डच्या दोन्ही खास चालींना एकेक वायरबग लागतो. दोन्ही ओळीने वापरलेत की आग लागल्यावर हात रिकामे.

आणखी एक चूक बहुतेक सगळेच करतात. फटका बसून उडाल्यावर झेडएल आणि बी दाबून वायरफॉल (वायरबगने हवेतच सावरणं) घेतात, लगेच, दर वेळी. मॅग्नामालोचा दुसरा फटका बहुतेक वेळा तयारच असतो आणि तुम्ही आपणहून त्याच्या वाटेत उभे राहता. जमिनीवर पडलेल्या हंटरला मार लागत नाही. पडून राहा, त्याचा फटका जाऊ द्या, मग उठा.

पाणवठा
स्क्रीनचं आणि बटणांचं मी सांगते.

लाइटचा पडदा 5.5 इंचांचा, साध्या स्विचचा 6.2. त्या फरकापेक्षा कॅमेऱ्याची सेटिंग जास्त छळते. ऑप्शनमध्ये फोकस कॅमेरा असेल तर तो बदलून टार्गेट कॅमेरा करा. फोकस कॅमेरा प्राण्याच्या मागे आपोआप वळत राहतो. तुमची दिशा कॅमेऱ्यावरून ठरते, त्यामुळे चार्ज धरलेला असताना कॅमेरा वळला की अंगठा तोच राहूनही वार भलतीकडे पडतो. ग्रेट स्वोर्डला ते परवडत नाही. टार्गेट कॅमेरा फक्त एल दाबलं की प्राण्याकडे वळतो. चार्ज सुरू करायच्या आधी एकदा एल, मग हात लावायचा नाही. कॅमेऱ्याचं अंतरही लांब करून ठेवा. मॅग्नामालो जवळून अर्धा पडदा व्यापतो आणि शेपटी पडद्याबाहेर राहते. जो अवयव दिसत नाही त्याचा फटका बसतोच.

पीएसपी या सोनीच्या जुन्या हातातल्या कन्सोलच्या काळात उजवी स्टिक नव्हती. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच हाताची तर्जनी वाकवून दिशाबटणांवर कॅमेरा फिरवायचा, अशी खेकड्याच्या नांगीसारखी पकड लोक धरायचे. जुने खेळाडू अजून तेच सुचवतात. राइजला त्याची गरज नाही, बोटं उगाच आखडतात. वस्तू शोधायला एल धरून वाय आणि ए ने पट्टी सरकवा. डावा अंगठा स्टिकवरच राहतो आणि पळता पळता मेगा पोशन समोर आणता येतं. दिशाबटणांवरच्या गोष्टींसाठी मात्र अंगठा उचलावा लागतो, म्हणून तिथे घाईची वस्तू ठेवू नका.

सामानाचं : मेगा पोशन 10, त्याशिवाय साधं पोशन 10 आणि मध 10. पोशन आणि मध मिळून मेगा पोशन होतं, ते आपोआप बनायची खूण लावून ठेवली की वीस झाली. निघण्याआधी डांगो (गावात मिळणारं जेवण) खा. रक्त आणि स्टॅमिना दोन्ही 150 होतात, न खाता गेलात तर 100. वाटेतले हिरवे स्पिरिबर्ड (छोटे पक्षी) रक्त वाढवतात, लाल अटॅक. तंबूपासून मॅग्नामालोपर्यंत सरळ रेषेत जाऊ नका, दोन मिनिटं वळसा घालून पक्षी गोळा करा. पालाम्यूटवर (सोबतच्या कुत्र्यावर) बसलेलं असताना धार लावता येते आणि पोशनही पिता येतं. मॅग्नामालो दुसऱ्या भागात निघाला की पालाम्यूटवर बसून पाठलाग करतानाच धार लावून घ्या. पायी थांबून लावलेल्या धारेचे सेकंद पन्नास मिनिटांत बरेच साठतात.

निळीधार
एक दुरुस्ती सुचवतो. काजवा यांनी लिहिलंय की तो पेटला की आत शिरा. डिफेन्स 100 वर हे लगेच करू नका. आधी स्फिअर घाला, मग शिरा. नाहीतर मऊ जागेवर एक वार आणि त्याच्या बदल्यात कार्ट, असा सौदा होईल.

काजवा
मान्य. डिफेन्स 130 च्या पुढे गेल्यावर करा. तोवर तो पेटलेला असताना एकेक उपसून वार, एवढंच.

रानवाट
निळ्या धारेची तलवार झाली. स्फिअर घालून डिफेन्स 138 केला. फोकस 2 पर्यंत आलं आहे. आकडे चालू केल्यावर कळलं की बहुतेक वार मागच्या पायांवर जात होते, सगळे पांढरे.

आता तीन शंका. तो लंगडत झोपायला गेला की तिथे काय करावं? आणि त्याला पकडता येतं का? स्टीम डेकवर (हातात धरायच्या पीसीवर) गेम जास्त सुरळीत चालतो म्हणतात, तिकडे ही सेव्ह नेता येईल का?

पाणवठा
सेव्ह नेता येत नाही. स्विच आणि पीसी यांच्यात सेव्हही जुळत नाही आणि एकत्र खेळताही येत नाही. स्विचवर हा गेम सेकंदाला 30 फ्रेमनेच चालतो आणि ग्रेट स्वोर्डला तेवढं पुरतं. इतकी मजल मारली आहे तर इथेच पूर्ण करा.

काजवा
पकडता येतं. मॅग्नामालो फँग्ड वायव्हर्न आहे, एल्डर ड्रॅगन नाही, त्यामुळे सापळे चालतात. शॉक ट्रॅप म्हणजे ट्रॅप टूल आणि थंडरबग, पिटफॉल म्हणजे ट्रॅप टूल आणि नेट. दोन्ही प्रकारचा एकेक न्या. ट्रँक बॉम्ब (सापळ्यात अडकलेल्याला गुंगी आणणारे) झोपेचं झुडूप आणि पॅराश्रूम यांपासून होतात, दोन लागतात. एखादा चुकेल म्हणून चार ठेवा. नकाशातल्या त्याच्या चित्राजवळ निळी खूण आली म्हणजे पकडण्याइतका थकला. त्याआधी सापळा लावून ट्रँक मारलेत तर दोन्ही वाया. खूण आल्यावर तो झोपायच्या जागी गेला की झोपेतच त्याच्या अंगाखाली सापळा लावा आणि तो अडकला की दोन बॉम्ब मारा.

झोपलेल्यावर वार करायचा असेल तर एक बारकावा आहे. झोपेतल्या पहिल्याच वाराला जादा नुकसान मिळतं, आणि ट्रू चार्ज्ड स्लॅशचा पहिला भाग हलका असतो. डोक्याला चिकटून मारलंत तर तो हलका भाग त्याला जागं करतो, जादा नुकसान तिथेच खर्च होतं आणि जड भागाला काही मिळत नाही. म्हणून एक पाऊल मागे उभे राहा, पहिला भाग हवेत जाऊ द्या, दुसराच डोक्यावर पडेल असं अंतर घ्या. हे अंतर आधी ट्रेनिंगच्या जागेत बेडकावर मोजून बघा. जमत नसेल तर साधा पूर्ण चार्ज सोडा, तो एकच वार आहे.

दुसरा मोठा प्राणी मध्ये आला तर शेणगोळा मारून त्याला लगेच हाकलू नका. दोघं भिडले की त्यांतला एक स्वारीला तयार होतो. त्यावर बसून आर धरून स्टिकने चालवा, एक्स आणि ए ने मॅग्नामालोला मारा, चमकणारं सामान खाली पडेल ते नंतर उचला. वेळ संपत आली की वाय दाबून त्याला भिंतीवर किंवा थेट मॅग्नामालोवर सोडा. वाटेत पपेट स्पायडर हा कोळी दिसला तर तोही उचलून ठेवा. तो मॅग्नामालोवर टाकला की स्वारी लगेच मिळते, दुसऱ्या प्राण्याची वाट बघावी लागत नाही.

निळीधार
फोकस 2 वर थांबलात तर 10 टक्केच मिळतात. हेल्मेट किंवा तावीज बदलून तिसरी पातळी मिळते का ते बघा, त्यासाठी अटॅक बूस्ट गेला तरी चालेल. आणि मागच्या पायांवरून बाहेर यायला सोपा उपाय : तो वळतो तेव्हा पाठलाग करू नका. जिथे आहात तिथेच चार्ज धरा, वळून झाल्यावर डोकं आपणच तुमच्यासमोर येतं.